देवळाकडं घट्ट, नदीकडं सैल

त्या दिवशी सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. माघ संपत आलेला. थंडी पहाटेपुरती उरलेली, आणि दिवस हातभर वर आला नाही तोच ऊन चटके देऊ लागलेलं. रंगाऱ्यांनी बांबूंवर वाळत टाकलेल्या सुताच्या लडी फडफडत होत्या, लाल, हिरव्या, मोरपंखी. रस्त्याची धूळ त्यांच्यावर बसते म्हणून बाया वाऱ्यालाच शिव्या घालत होत्या. चांगला दिवस म्हणायचा खरं तर. जत्रेचा होता.

मी पाना बोलतोय. सायकलच्या चाकातल्या तारा कसायचा पाना. तुम्ही त्यांना स्पोक म्हणत असाल, आमच्या गावात तार म्हणतात. मी बिस्किटाएवढा, गोल, कडेनं खाचा. मला शाळा नाही, अक्षर नाही. माझ्या अंगावर कधीकाळी कसलं तरी नाव ठोकलेलं होतं, तेही गुरपादप्पाच्या अंगठ्यानं पुसून गेलं. तेव्हा बोलायला कुठं चुकलो तर सांभाळून घ्या. एका चुकीचंच सांगायला बसलोय.

जन्म माझा लुधियानाचा. पत्र्यातून कापला, तापवला, तेलात बुचकळला. तिथलं एवढंच आठवतं. मग पोत्यातून कुठं कुठं फिरत जमखंडीच्या बाजारात आलो आणि एका दुकानात दोरीला लटकलो. तिथून मला दावलसाबनं उचललं. कृष्णेच्या काठी, विणकरांच्या या गावात त्याचं सायकलचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक लाकडी पेटी, पाण्याचं घमेलं, पंप आणि बसायला पोतं. मागं विणकरांची घरं, समोर रस्ता. रस्त्याच्या एका टोकाला बनशंकरीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला नदी.

गुरपादप्पा त्याच्याकडं आला तेव्हा विशीतला होता. बापाचा माग बंद पडला म्हणून आला. हात चांगला, पण डावं-उजवं काही ध्यानात राहीना. तार कसायला जावं आणि सैल करून ठेवावी. दावलसाबनं तीन दिवस डोकं धरलं. चौथ्या दिवशी म्हणाला, "डावं-उजवं राहू दे रे बाबा. ते देऊळ दिसतंय का?"

"दिसतंय."

"पाना चाकाच्या वरच्या अंगाला लावायचा. देवळाकडं घट्ट, नदीकडं सैल. म्हण."

"देवळाकडं घट्ट, नदीकडं सैल."

"झालं. देऊळ काही जागचं हलत नाही."

खरंच होतं ते. पोत्यावर रस्त्याकडं तोंड करून बसलं की देऊळ डाव्या हाताला. पाना तिकडं लोटला की तार घट्ट होते. गुरपादप्पाला ते असं पाठ झालं, की पुढं चाळीस वर्षं प्रत्येक तारेला तो ते ओठांतल्या ओठांत म्हणायचा. दावलसाब गेला. पोतं, घमेलं, पंप आणि मी गुरपादप्पाकडं राहिलो.

तो कुणाच्या घरी जाऊन सायकल दुरुस्त करायचा नाही. अगदी पाटलानं बोलावलं तरी म्हणायचा, "सायकल इकडं आणा." लोकांना वाटायचं, माजलाय. मला ठाऊक होतं, दुसऱ्याच्या अंगणात देऊळ कुठं असेल याची त्याला धास्ती होती. हे त्यानं कुणाला कधी सांगितलं नाही. मीही आजच सांगतोय.

आमचं आयुष्य सुखाचं गेलं. माणसं सायकलशी कशी वागतात ते बघत बसायचं. बायकोशी भांडून आलेला माणूस घंटी उगाच वाजवतो. कर्ज काढून सायकल घेतलेला रोज येऊन हवा तपासून जातो. आणि प्रत्येक जण, अगदी प्रत्येक जण, चाक वर उचलून एकदा गरकन फिरवतो आणि बघत उभा राहतो. त्यात त्याला काय दिसतं कोण जाणे.

गुरपादप्पाच्या डोळ्यांत पुढं मोतीबिंदू उतरला. मग तो कानानं काम करू लागला. तार कसली की बोटानं छेडायची. घट्ट तार टिंग म्हणते. सैल तार काही म्हणत नाही, नुसती थप्प करते. बहात्तर तारा असतात सायकलला, पुढं बत्तीस आणि मागं चाळीस. तो बहात्तर छेडायचा. मागच्या घरातली नीलव्वा मागावरून ओरडायची, "अज्जा, लग्न कुणाचं हाय? वाजंत्री लावलीय ती!"

नीलव्वाचं सांगायला पाहिजे. नवरा महादेवप्पा सुताची गाठोडी सायकलवरून मागवाल्यांना पोचवायचा. दोन वर्षांमागं तापानं गेला. मागं राहिली नीलव्वा, तिचा माग, महादेवप्पाची सायकल आणि पोरगी दानव्वा. नीलव्वाची जीभ तिखट. बोटं मात्र अशी, की चालत्या मागावर तुटलेला धागा न बघता जोडायची. ताणा एका बाजूला सैल पडला तर तळहात उभ्या धाग्यांवरून फिरवून सांगायची, या इथं.

दानव्वानं बापाच्या सायकलचं कॅरियर काढलं, मडगार्ड काढलं, घंटीसुद्धा काढली आणि ती पळवायला लागली. आमच्या भागात जत्रेत सायकलच्या शर्यती लागतात. पोरांच्या आणि पोरींच्याही. भाकरी बांधून माणसं बघायला येतात. सतरा वर्षांची ही पोरगी पहाटे उठून घटप्रभेच्या पुलापर्यंत जाऊन यायची आणि मग दिवसभर आईला मागासाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची. दोन महिन्यांमागं मागच्या चाकाच्या तारा तुटायला लागल्या, तेव्हा नीलव्वा स्वतः जमखंडीला जाऊन चाळीस नव्या तारा घेऊन आली आणि गुरपादप्पानं चाक नव्यानं बांधलं. पुढच्या चाकात महादेवप्पाच्या वेळच्याच तारा होत्या.

यंदाच्या शर्यतीला बागलकोटहून खेळाचे एक सर यायचे होते. पहिल्या तिघींना ते तिकडच्या वसतिगृहात घेणार होते. राहणं, जेवण, शिक्षण आणि चांगली सायकल. दानव्वाला त्याखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं.

यंदा देवीला नवा रथ केलेला. मोठा, रुंद. त्याला वाट पाहिजे म्हणून पंचायतीनं सांगितलं, रस्त्याच्या आमच्या बाजूची दुकानं पाच दिवस समोरच्या बाजूला न्या. फक्त समोर, पंधरा पावलं. आम्ही पेटी उचलली, घमेलं उचललं, पोतं झटकलं आणि समोर जाऊन रस्त्याकडं तोंड करून बसलो.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा. देऊळ हललं नव्हतं. आम्ही हललो होतो.

तर तो वाऱ्याचा दिवस. शर्यतीचा, रविवारचा. दानव्वा सायकल ढकलत आली.

"अज्जा, चाकं बघा ना. जोर लावला की मागून कुरकुर येतीय."

गुरपादप्पानं चार तारा छेडल्या. "सैल पडल्यात की गं सगळ्या. एवढं रान तुडवलंस तर पडणारच. पुढच्या पण थोड्या पडल्यात. एकेकीला अर्धा फेर देतो. चाक सरळच हाय, त्याला धक्का लावायचा न्हाई."

"लवकर हं. अकराला सोडणार हायत."

"तू सायकल पळव, मी पाना पळवतो. एकमेकांच्या धंद्यात पडायचं न्हाई."

ती हसली. त्यानं सायकल उलटी केली, तारांच्या टोकाच्या निपलांना, म्हणजे मी ज्यांना फिरवतो त्या चाव्यांना, तेल सोडलं, मला पहिल्या तारेवर बसवलं. नेमके त्याच वेळी देवळाकडून ढोलवाले आले आणि आमच्या शेजारीच उभे राहून बडवायला लागले.

आता जे झालं ते नीट ऐका.

त्याचा हात आपल्या सवयीनं डावीकडं गेला. तो बरोबर होता. अर्ध्या बोटाएवढा मी वळलोही होतो, तार घट्ट व्हायला लागली होती. तेवढ्यात त्याच्या तोंडानं म्हटलं, "देवळाकडं घट्ट." आणि हात थांबला. त्यानं मान वर केली, डोळे बारीक केले, देवळावरचं निशाण शोधलं. ते उजवीकडं फडफडत होतं. "हं," असं काहीसं म्हणून त्यानं मला उलटं फिरवलं. देवळाकडं.

तार सैल झाली.

मला कळलं. मी सांगू शकत नाही, मला तोंड नाही, हे सगळं खरं. पण मी अडू शकलो असतो. माझ्या खाचा झिजलेल्या, एरवी मी दहा वेळा निसटायचो, निपलावरून घसरून त्याच्या बोटाची साल काढायचो. त्या दिवशी एकदाही निसटलो नाही. का? कारण सैल करायला जोर लागत नाही. लोण्यात फिरावं तसा फिरत होतो. चाळीस वर्षं कस काढलेलं अंग माझं, त्याला बरं वाटलं. त्यालाही बरं वाटलं. म्हणाला, "तेल बघ कसं काम करतंय." बहात्तर तारा. एकेकीला तो म्हणत होता, देवळाकडं घट्ट, आणि मी एकेकीला सोडत होतो. लाज वाटते सांगायला. पण सुख वाटत होतं मला.

शेवटी त्यानं तारा छेडल्या. ढोलांत त्याला काय ऐकू येणार? चाक फिरवून बघितलं. सगळ्या तारा सारख्याच सैल झालेल्या, त्यामुळं चाक जराही डुललं नाही.

"बघ," तो म्हणाला, "दोरा धरल्यागत सरळ."

दानव्वा वाकून त्याच्या पाया पडली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच हातात मी होतो.

शर्यत देवळापासून कारखान्याच्या फाट्यापर्यंत आणि परत. आम्ही देवळापाशी उभे, मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात. लोक ओरडत होते, "दुसरी हाय! महादेवप्पाची पोर दुसरी हाय!" नीलव्वा पदर तोंडात धरून उभी होती. मग पहिली आली. दुसरी आली, ती दानव्वा नव्हती. तिसरी आली. मग बऱ्याच वेळानं एक माणूस मोटारसायकलवरून आला आणि म्हणाला, हळदीच्या मळ्याजवळच्या वळणावर पोर पडलीय. मागचं चाक कढईतल्या पापडागत वाकलंय.

तिला आणलं. कोपर सोललेलं, गुडघा सुजलेला. ती रडत नव्हती. खेळाचे सर भले माणूस. म्हणाले, "उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी बागलकोटला मैदानावर ये. चाक नीट करून आण, पुन्हा बघतो." लोक चाकाभोवती जमले. कुणी तरी म्हणालं, "अज्जा, सकाळी तुम्हीच बघितलं होतं ना?"

नीलव्वानं त्याच्याकडं बघितलं.

त्याला तेव्हा खरं काय ते माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण माहीत नाही असं तो म्हणाला नाही. तो म्हणाला, "तारा हलक्या निघाल्या. जमखंडीच्या."

नीलव्वाचा चेहरा उतरला. "मीच आणल्या होत्या त्या," ती म्हणाली. आणि पोरीला घेऊन घराकडं निघाली.

जत्रा संपली. बुधवारी आम्ही पुन्हा आपल्या जागी आलो. नीलव्वा सायकल घेऊन आली आणि आमच्या मागच्या आपल्याच घराच्या भिंतीला टेकवली.

"पुढचं चाक काढून ठेवा, कुणाच्या उपयोगी पडलं तर. बाकीची शनिवारी भंगारवाल्याला देते."

"आणि सोमवारचं?"

"कसला सोमवार? तारा सुद्धा ओळखता येईनात आईला. ती कांड्या भरील, मी विणीन. झालं."

ती गेल्यावर त्यानं पुढचं चाक काढलं. सवयीनं तार छेडली. थप्प. दुसरी छेडली. थप्प. बत्तीसच्या बत्तीस. या महादेवप्पाच्या वेळच्या तारा, जमखंडीच्या नव्हेत. मग मला एका तारेवर बसवलं आणि देवळाकडं लोटलं, एक फेर. छेडली. टिंग.

त्यानं समोर बघितलं. रस्त्यापलीकडं आमच्या घमेल्याचा गोल डाग अजून जमिनीवर होता. त्यानं देवळाकडं बघितलं. मग मला हवेत धरून मनगट एकदा इकडं फिरवलं, एकदा तिकडं. पुन्हा इकडं. आणि मला चिंध्यांच्या तळाशी खुपसून पेटीचं झाकण लावलं.

बुधवार गेला. गुरुवार गेला. गिऱ्हाइकं आली तर तो म्हणायचा, पाना सापडत नाही. अंधारात पडून मी मागाचा आवाज ऐकायचो. पूर्वी नीलव्वाच्या मागाचा आवाज उड्या मारत यायचा. आता तो एका लयीत, मेल्यासारखा येत होता. आणि तिची हाक येत नव्हती. वाजंत्रीबद्दल विचारायला वाजंत्री कुठं होती?

गंजायला मला भीती नाही वाटत. लोखंडाला गंज ठरलेलाच. पण कामाच्या गंजाची गोष्ट वेगळी, आणि तोंड लपवून बसलेल्याच्या गंजाची वेगळी. शुक्रवारी त्यानं झाकण उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा लावलं. आम्हा दोघांनाही एकमेकांकडं बघवत नव्हतं.

आज शनिवार. आज सकाळी भंगारवाल्याची गाडी आली. नीलव्वाच्या दारात त्यानं सायकल उचलून तिचं वजन हातानंच अजमावलं आणि गाडीवर चढवली. दानव्वा दारात कांड्यांच्या चाकाशी बसली होती. मान वर केली नाही तिनं. चाक फिरवत राहिली.

गुरपादप्पानं झाकण उघडलं, मला उचललं. चिंधीसकट उचललं. आणि उठला. त्याचे गुडघे वाजले.

"भरू नकोस ती, उतरव," तो भंगारवाल्याला म्हणाला.

"का, अज्जा? तुम्हाला पाहिजे का?"

"उतरव म्हटलं ना."

नीलव्वा बाहेर आली. "काय झालं?"

"तारा हलक्या नव्हत्या."

"मग?"

"मी सैल केल्या."

वाऱ्यानं रंगाऱ्याच्या लडी उडत होत्या. भंगारवाला एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघायला लागला.

"म्हणजे?" नीलव्वा म्हणाली.

मग त्यानं सांगितलं. उभ्याउभ्या, रस्त्यात, चार माणसांसमोर. देवळाकडं घट्ट, नदीकडं सैल. दावलसाबनं शिकवलं तेव्हापासूनचं. चाळीस वर्षं डावं-उजवं येत नव्हतं हेही सांगितलं, जे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. हात आधी बरोबर गेला होता आणि निशाण बघून आपणच तो फिरवला, हेसुद्धा लपवलं नाही.

"सगळ्या?" नीलव्वानं विचारलं.

"बहात्तर."

"आणि बुधवारी कळलं तुम्हाला."

"बुधवारी."

"आज शनिवार हाय, अज्जा."

त्यानं चिंधी बाजूला करून मला बाहेर काढलं.

दानव्वाचं कांड्यांचं चाक थांबलं होतं. ती म्हणाली, "दोन महिने त्याच तारांवर पळवली होती मी, त्या हलक्या असतील असं पटत नव्हतं. मला वाटत होतं, मी वळणावर घाबरले म्हणून पडले. सहा दिवस मी तेच आठवत होते. कुठं घाबरले, कुठं घाबरले. सापडतच नव्हतं."

गुरपादप्पानं डोळे पुसले. मी त्याच मुठीत होतो, त्यामुळं मलाही ओल लागली. त्याच्या एका वाक्यानं एक बाई स्वतःला दोष देत बसली आणि खरं लपवल्यानं एक पोर स्वतःला. सैल तारांनी वाकलं ते तर एकच चाक होतं.

नीलव्वानं भंगारवाल्याला हातानं जा म्हणून सांगितलं. तो जाताना पुटपुटला, "चांगलं लोखंड होतं." सायकल दारात भिंतीला टेकून राहिली, मागच्या वाकड्या चाकासकट. नीलव्वानं हात पुढं केला. गुरपादप्पानं मला तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं माझ्या झिजलेल्या खाचा अंगठ्यानं चाचपल्या, ताणा चाचपते तशा, एकेक. बराच वेळ. मला वाटलं, आता ही मला नदीत भिरकावते. भिरकावलं असतं तर मी काही म्हणालो नसतो.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. कधी हात एकीकडं जायला लागला आणि तोंड दुसरीकडं, तर घटकाभर थांबा. निशाणाकडं नका बघू. आणि चूक झाली तर त्याच दिवशी सांगा. बुधवारचं शनिवारपर्यंत नेऊ नका, वाटेत दुसऱ्यांची अंगं सोलतात.

परवा सोमवार. गुरपादप्पाच्या पेटीत जुनी का होईना, एक सरळ रिंग आहे. वाकलेल्या चाकातल्या जमखंडीच्या तारा चांगल्या आहेत, धुऊन पुन्हा घालता येतील. चाळीस मागं, बत्तीस पुढं. दानव्वाच्या गुडघ्याची सूज उतरलीय. जमेल की नाही, मला ठाऊक नाही. माझ्या खाचा निसटतील. निसटू दे. या वेळी अंग चोरणार नाही.

नीलव्वानं मला परत त्याच्या हातात दिलं आणि त्याची बोटं माझ्याभोवती मिटवली. मग म्हणाली,

"हात बरोबर होता तुमचा, अज्जा. तोंडच दोनदा चुकलं. आता तोंड मिटा आणि चाक बांधा."